नारायणगडाच्या परिसरातली मराठी आणि ती ऐकण्याचं शास्त्र

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी गड म्हणजे किल्ला. तट, बुरूज, चोरदरवाजा, तोफा. बीड जिल्ह्यात मात्र कुणी ‘गडावर चाललो’ म्हणालं, तर तो दर्शनाला किंवा सप्ताहाला निघाला आहे असं समजायचं. नारायणगड, गहिनीनाथगड आणि जिल्ह्याच्या शिवेपलीकडे अहिल्यानगरच्या हद्दीतला भगवानगड ही भक्तीची ठाणी आहेत, लढाईची नव्हेत. रायगडाच्या पायथ्याच्या माणसाला आणि शिरूर कासारच्या माणसाला ‘गड’ हा एकच शब्द दोन निरनिराळी चित्रं दाखवतो, आणि दोघंही मराठीच बोलत असतात. शब्दाचा अर्थ कुठल्या गावापासून बदलतो, कुणाच्या तोंडी बदलतो आणि कशामुळे बदलतो, याचा माग काढणारं शास्त्र म्हणजे बोलीविज्ञान. त्याच्या जोडीला समाजभाषाविज्ञान आहे. या शास्त्रांची परिभाषा पहिल्यांदा अवघड वाटते. एखाद्या ओळखीच्या ठिकाणची बोली समोर ठेवून ती वाचली, तर मात्र ती मनात भरते. त्यासाठी नारायणगडासारखी जागा मला तरी दुसरी सुचत नाही.

हा गड नगद नारायण महाराजांच्या नावानं ओळखला जातो आणि भाविक त्याला धाकटी पंढरी म्हणतात. आषाढीला इथून पंढरपूरला पालखी जाते. गडावर येणारा माणूस बीड, शिरूर, गेवराई, पाटोदा भागातला असतो, तसा शेजारच्या जालना-अहिल्यानगरचाही असतो. शेतकरी असतो, ऊसतोड कामगार असतो, मास्तर, कीर्तनकार, कॉलेजात शिकणारी मुलगी आणि पुण्याच्या कंपनीतून सुट्टीवर आलेला तिचा भाऊसुद्धा असतो. एवढ्या तऱ्हांची मराठी एका आवारात ऐकू येते. एरवी तिच्याकडे कुणी कान देत नाही, कारण बोलणं ही आपल्याला श्वासाइतकी अंगवळणी पडलेली गोष्ट आहे.

पहिली जोडी भाषा आणि बोली यांची. भाषाविज्ञानाच्या दृष्टीनं या दोहोंत दर्जाचा फरक नाही. प्रत्येक बोलीला स्वतःची ध्वनिव्यवस्था असते, स्वतःचं व्याकरण असतं, आणि लहान मूल ते नियम कुणी न शिकवता तीन-चार वर्षांत आत्मसात करतं. अशा अनेक बोलींपैकी एखादी राजकारण, छापखाना, शाळा आणि कचेरी यांच्या बळावर सगळ्यांसाठी नमुना ठरते. तिला प्रमाणभाषा म्हणतात. मराठीचं प्रमाण रूप घडताना मोल्सवर्थचा 1831चा कोश, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 1836चं व्याकरण आणि पुण्या-मुंबईतल्या शिकलेल्या वर्गाचं बोलणं यांचा वाटा मोठा होता. लेखनाचे नियम 1962 साली ठरले, 1972 साली त्यांत भर पडली आणि ते अठरा झाले. हे नियम कामाचे आहेत. गडचिरोलीचा आणि सावंतवाडीचा विद्यार्थी त्यामुळे एकच पुस्तक वाचू शकतो. पण हे लिहिण्याचे नियम आहेत. बीडच्या आजीचं बोलणं त्यांत बसत नाही म्हणून ते अशुद्ध ठरवणं, हे फूटपट्टीनं दूध मोजण्यासारखं आहे.

तिच्या बोलण्यातला ‘म्या’ घ्या. ‘म्या सांगितलं’, ‘त्वा ऐकलं न्हाई’ असं म्हणणाऱ्या मुलाला शाळेत टोकलं जातं. त्या जागी ‘मी’ आणि ‘तू’ हवं असतं. आता जुनी मराठी उघडा. तेराव्या शतकातल्या ग्रंथांत कर्त्याची ही रूपं ‘मियां’, ‘तुवां’ अशी येतात, आणि एकोणिसाव्या शतकातल्या व्याकरणांतही ‘म्यां’, ‘त्वां’ सन्मानानं बसलेली आहेत. पुढे प्रमाणभाषेनं ती सोडली, गावानं सोडली नाहीत. नव्या केंद्रानं टाकलेलं जुनं रूप कडेच्या बोलींत टिकून राहतं, त्याला आर्ष रूप म्हणतात. म्हणजे ज्या मुलाला चूक म्हणून थांबवलं, त्याच्या तोंडी सातशे वर्षांचा शब्द होता. भाषेच्या अभ्यासातला याहून मोठा चमत्कार मी पाहिलेला नाही.

बीडकडची दुसरी खूण क्रियापदाची. ‘काय करायलास?’, ‘मी गावाला जायलो’, ‘पोरं खेळायलेत’. पुण्याचा माणूस या जागी ‘करतोयस’, ‘जातोय’, ‘खेळतायत’ म्हणेल. ‘करायलो’ची घडण ‘करायला लागलो’ या रचनेतला ‘लाग’ झिजून झालेली दिसते. लातूर-धाराशिवकडे ‘करूलालो’ ऐकू येतं, त्यामागे ‘करू लागलो’ आहे. अर्थ असलेला एक सुटा शब्द हळूहळू आपला अर्थ गमावतो, आखूड होतो आणि शेवटी प्रत्यय होऊन बसतो, या प्रक्रियेला व्याकरणीकरण म्हणतात. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी 1912 साली तिला हे नाव दिलं. जगातल्या कितीतरी भाषांची काळ दाखवणारी रूपं याच वाटेनं आली आहेत. प्रमाण मराठीतलं ‘करतोय’ हेसुद्धा ‘करतो आहे’ झिजूनच झालं. एक झीज सुसंस्कृत आणि दुसरी गावंढळ, असा भेद करायला शास्त्रात कुठलाही आधार नाही.

मग ‘करायलो’ नेमकं कुठे संपतं आणि ‘करूलालो’ कुठे सुरू होतं? नकाशावर अशी रेघ काढली, तर तिला आयसोग्लॉस म्हणतात. एका शब्दाची, एका ध्वनीची किंवा एका प्रत्ययाची ती सीमा असते. मराठवाड्यात ‘का’ऐवजी ‘कामून’ म्हणतात, विदर्भात ‘काहून’. अहिल्यानगर-बीडच्या पट्ट्यात ‘माझं-तुझं’च्या जागी ‘मपलं-तुपलं’ ऐकू येतं. डोळ्याला ‘डोया’ आणि काळ्याला ‘काया’ म्हणणारा ळकाराचा यकार वऱ्हाड-खानदेशाकडे सापडतो. या सगळ्या रेघा एकमेकींवर बसत नाहीत, एकमेकींना छेदत जातात. जिथे पुष्कळ रेघा जवळजवळ येतात, तिथे बोलीची सीमा आहे असं अभ्यासक म्हणतात. म्हणून ‘दर बारा कोसांवर भाषा बदलते’ ही म्हण अर्धीच खरी आहे. बाराव्या कोसाला सगळी भाषा एकदम बदलत नसते. इथे एखादा शब्द बदलतो, तिथे एखादा प्रत्यय.

असे नकाशे काढण्याची सुरुवात युरोपात झाली. जर्मनीत गेओर्ग वेंकर यांनी 1876 साली काही वाक्यं शाळामास्तरांकडे पाठवून त्यांचं स्थानिक बोलीत रूपांतर मागवलं. पुढे ही वाक्यं चाळीस ठरली आणि उत्तरं चाळीस हजारांहून अधिक गावांतून आली. फ्रान्सच्या झ्यूल झिल्येराँ यांनी पत्रव्यवहारावर भरवसा ठेवला नाही. त्यांनी एदमाँ एदमाँ नावाच्या, तल्लख कानाच्या माणसाला गावोगाव धाडलं. त्यानं 639 ठिकाणी लोकांना प्रश्न विचारून उच्चार जसेच्या तसे टिपून आणले आणि 1902 ते 1910 या काळात फ्रान्सचा भाषिक नकाशासंग्रह छापून निघाला.

भारतात जॉर्ज ग्रिअर्सन यांची भाषिक पाहणी 1894 साली सुरू झाली आणि 1928 साली पूर्ण झाली. बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक बोलीत उतरवून घ्यायची, अशी त्यांची पद्धत होती. 179 भाषा आणि 544 बोली त्यांनी नोंदवल्या. मराठीचा सातवा खंड 1905 साली निघाला. आता बीडच्या वाचकानं इथे थांबावं. या पाहणीत मद्रास इलाखा, ब्रह्मदेश आणि हैदराबाद, म्हैसूर ही संस्थानं धरलेली नव्हती. बीड तेव्हा हैदराबाद संस्थानात होतं. म्हणजे भारतीय भाषांची सर्वांत मोठी नोंदवही भरली जात असताना नारायणगडाच्या भोवतालची माणसं काय बोलत होती, हे विचारायला त्या पाहणीचा कुणी माणूस आला नाही. पुढे 1960च्या दशकात अ. मा. घाटगे यांनी बोलींच्या वर्णनांची मोलाची मालिका काढली. कुडाळी, महाडच्या कुणब्यांची बोली, ठाण्याची वारली, कासरगोडची मराठी, गोव्याची गावडी असे तिचे विषय होते, आणि हे सगळं पश्चिमेच्या पट्ट्यातलं. मराठवाडा पुन्हा बाजूला राहिला. हे घडू नये ते घडलं आहे. त्या काळी बोलणारी माणसं गेली आणि त्यांच्याबरोबर नोंद करण्याची संधीही गेली.

निजामाच्या राजवटीनं या बोलीला जे दिलं, तेही म्हणूनच पुरतं तपासलं गेलेलं नाही. हैदराबाद संस्थानात 1880च्या दशकात फारसीची जागा उर्दूनं घेतली. ती कचेरीची भाषा झाली, आणि 1918 साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही तीच होती. मुंबई इलाख्यात लोक मामलेदार कचेरीत जात होते, तेव्हा इकडचे लोक तहसीलला जात होते. घरी मराठी, बाजारात मराठी आणि दखनी, कचेरीत उर्दू, देवळात संतांची जुनी मराठी. एकाच समाजात दोन भाषारूपांची कामं अशी वाटून दिलेली असतात, एक मानाचं आणि एक घरचं, त्या स्थितीला चार्ल्स फर्ग्युसन यांनी 1959 साली डायग्लॉसिया हे नाव दिलं. त्यांची व्याख्या एकाच भाषेच्या दोन रूपांपुरती होती. पुढच्या अभ्यासकांनी ती वेगळ्या भाषांनाही लावली. संस्थान 1948च्या सप्टेंबरात भारतात विलीन झालं, उर्दूचं आसन गेलं आणि तिथे प्रमाण मराठी येऊन बसली. घरच्या बोलीची पायरी तेवढी तीच राहिली.

ध्वनीकडे येऊ. स्वनिम म्हणजे एखाद्या भाषेत अर्थ बदलण्याची ताकद असलेला ध्वनी. ‘जग’ हा शब्द दोन प्रकारे म्हणून पाहा: एकदा दुनिया या अर्थानं आणि एकदा ‘सुखानं जग’ या आशीर्वादातला. लिहिताना अक्षर एकच, पण पहिला ज टाळूला जीभ लावून येतो आणि दुसरा दातांजवळून. तेवढ्यानं अर्थ बदलतो, म्हणून मराठीत हे दोन वेगळे स्वनिम आहेत. देवनागरी हा फरक दाखवत नाही आणि तरीही मराठी माणूस तो कधी चुकत नाही. उलट न आणि ण यांचं. लेखनात ही दोन अक्षरं आहेत, पण गावाकडे ‘पानी’, ‘लोनी’, ‘कोन’ असा एकच न चालतो. दोन स्वनिम मिळून एक होतात त्याला विलय म्हणतात. अशा विलयानं समजण्यात अडचण येते का? ‘दोन मन ज्वारी’ ऐकून कुणी अंतःकरणाचा विचार करत नाही. संदर्भ अर्थ सांभाळतो. हा बदल आळसातून होत नाही. तो नियमानं, एका विशिष्ट जागीच होतो, आणि म्हणूनच अभ्यासाचा विषय होऊ शकतो.

जिथे एकच माणूस कधी ‘पानी’ म्हणतो आणि कधी ‘पाणी’, तिथे विल्यम लबाव यांचा विषय सुरू होतो. 2024च्या डिसेंबरात वारलेल्या या अमेरिकन अभ्यासकानं दाखवून दिलं, की अशा हेलकाव्यालाही शिस्त असते. 1962 साली ते न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत गेले: एक श्रीमंतांचं, एक मध्यमवर्गाचं, एक स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठे आहे असं विचारायचं, उत्तरातला र ऐकायचा, मग नीट ऐकू न आल्यासारखं करून तेच पुन्हा वदवून घ्यायचं. महागड्या दुकानातले विक्रेते र जास्त उच्चारत होते आणि दुसऱ्यांदा सांगताना बाकीचेही तो अधिक स्पष्ट करत होते. अशा बदलत्या घटकाला भाषिक चल म्हणतात. आपल्याकडे न-ण हा असाच चल आहे. तालुक्याच्या कचेरीत अर्ज देताना ‘पाणी’ म्हणणारा माणूस बाहेर चहाच्या टपरीवर ‘पानी’वर येतो. तो ढोंग करत नसतो. दोन्ही त्याचीच रूपं असतात आणि प्रसंग ओळखून तो त्यांतलं एक निवडतो.

बीडच्या माणसाला ही निवड दरवर्षी मोठ्या प्रमाणात करावी लागते. दिवाळीच्या सुमाराला या जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांच्या धंद्याची एक स्वतंत्र बोली आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम ती ‘उचल’. कामाचा दिवस चुकला तर ‘खाडा’. ऊस बांधला की ‘मोळी’, वरचा हिरवा शेंडा ‘वाढं’, राहायची झोपडी ‘कोपी’, आणि हंगाम संपला की ‘पट्टा पडला’. एखाद्या कामाशी बांधलेल्या अशा भाषारूपाला रजिस्टर म्हणतात. वकिलांचं असतं, डॉक्टरांचं असतं, तसंच हेही. शब्दकोशांनी त्याला जागा द्यायला हवी. नवरा आणि बायको मिळून एक हत्यार मोजलं जातं, हे त्या शब्दानं जितकं उघड सांगितलं आहे तितकं कुठल्या अहवालानं सांगितलं नसेल.

पाच-सहा महिने कोल्हापूर-सांगलीकडे राहिलेली माणसं तिथल्या शेतकऱ्यांशी बोलताना आपलं ‘करायलो’ आवरतं घेतात. समोरच्याच्या बोलण्याकडे असं सरकण्याला हॉवर्ड जाइल्स यांनी 1970च्या दशकात अनुकूलन म्हणून मांडलं. मालक मजुराकडे किती सरकतो आणि मजूर मालकाकडे किती, हे मोजलं तर सत्ता कुणाकडे आहे ते कळतं. या शेजाराचा दूरवरचा परिणाम पाहायचा तर सांगलीजवळचं कुपवाड जगप्रसिद्ध आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं, की तिथल्या मराठी, कानडी आणि उर्दूची वाक्यरचना शेकडो वर्षांच्या सहवासानं जवळजवळ सारखी झाली होती. शब्द तेवढे आपापले राहिले. शब्दामागून शब्द बदलत गेलं, की एका भाषेचं वाक्य दुसऱ्या भाषेत जात होतं. भाषाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत कुपवाडचं नाव आजही येतं. लातूर, नांदेड, सोलापूरकडे ‘मी काम केलो’ असं ऐकू येतं, तिथेही कानडी-तेलुगूच्या शेजाराचा विचार करावा लागतो. एकत्र राहणारी माणसं, त्यांच्या भाषा कितीही असोत, बोलण्याचे संकेत वाटून घेतात. अशा गटाला भाषिक समाज म्हणतात. आणि त्या समाजातल्या एकेका माणसाचं खास स्वतःचं बोलणं, ती त्याची व्यक्तिबोली.

आता पुन्हा गडावर येऊ आणि कीर्तन ऐकू. डेल हाइम्स यांनी 1962 साली असं मांडलं, की व्याकरण कळलं म्हणजे बोलणं कळलं असं नव्हे. कोण, कुणाशी, कुठे, कशासाठी, कोणत्या सुरात आणि कोणत्या रिवाजानं बोलतो, हे सारं नोंदवावं लागतं. अशा सलग प्रसंगाला त्यांनी भाषिक घटना म्हटलं. वारकरी कीर्तन ही अशी घटना आहे, आणि तिची बांधणी थक्क करणारी आहे. कीर्तनकार उभा, मागे टाळकरी, बाजूला मृदंग, विणेकरी वीणा खाली न ठेवणारा. निरूपणाला घेतलेला अभंग सोळाव्या-सतराव्या शतकाच्या किंवा त्याहून जुन्या मराठीत असतो. त्याचं स्पष्टीकरण चालू बोलीत होतं. दाखल्यासाठी बांधावरच्या भांडणाची गोष्ट येते तेव्हा तोच कीर्तनकार ठेठ ‘काय करायलास रं?’वर उतरतो आणि पुढच्या क्षणाला संस्कृत वचनावर चढतो. शैलीपालटाचं याहून चांगलं उदाहरण कुठल्या प्रयोगशाळेत मिळणार? शेतकरी श्रोते या पायऱ्यांवरून न अडखळता त्याच्याबरोबर वरखाली जातात.

श्रोत्यांचं कामही शास्त्रानं ओळखलं आहे. हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी 1974 साली संभाषणातल्या पाळीचे नियम शोधले: कोण कधी थांबतो, दुसरा कधी सुरू करतो, आणि हे क्षणाचाही खंड न पडता कसं जमतं. बोलणाऱ्याला ‘मी ऐकतोय’ असं कळवणाऱ्या छोट्या आवाजांचा अभ्यासही त्यांच्यासारख्यांनी केला. आपल्याकडे त्या आवाजांना पूर्वीपासून हुंकार म्हणतात. गोष्ट सांगणारी आजी हुंकार थांबला की गोष्ट थांबवते. पोवाड्यात झीलकऱ्यांची ‘जी जी’ आणि कीर्तनात टाळकऱ्यांचं ध्रुवपद उचलणं ही हुंकाराचीच मोठी, सुरेल रूपं आहेत.

संबोधनं आणखी बोलकी. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी 1960 साली युरोपातल्या भाषांत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांमागे सत्ता आणि जवळीक अशी दोन सूत्रं दाखवली. मराठीत अरे-तुरे आणि अहो-जाहो हे शब्दच मुळी त्याच अभ्यासाचे आहेत. देवाला ‘तू’, नवऱ्याला पूर्वी ‘अहो’, आईला ‘ए आई’, वडिलांना ‘अहो दादा’. गडावर मात्र वय, जात, हुद्दा काहीही असो, समोरचा ‘माउली’ असतो. निदान तेवढ्या आवारात एका शब्दानं सगळ्यांना एका पातळीवर आणलं. नात्यांतही प्रदेश दिसतो: मराठवाड्यात वडिलांच्या बहिणीला ‘मावळण’ म्हणतात, आणि पुण्यात ‘आत्या’ म्हणणाऱ्याला ती आईकडची कुणी वाटते.

आणि ‘आम्ही’-‘आपण’. ऐकणाऱ्याला वगळून बोलायचं तर ‘आम्ही जेवलो’, त्याला धरून बोलायचं तर ‘आपण जेवू’. इंग्रजीत दोहोंना एकच सर्वनाम आहे, हिंदीतही ‘हम’ एकटाच. मराठी आणि गुजरातीत हा भेद आहे, आणि द्राविडी भाषांत तो ठळक असल्यामुळे अभ्यासक त्याचा संबंध त्यांच्या सहवासाशी जोडतात. हजारोंच्या सभेत वक्ता ‘आम्ही’ म्हणतो की ‘आपण’, यावर कोण आत आणि कोण बाहेर ते ठरतं.

अशी सभा नारायणगडानं 12 ऑक्टोबर 2024 रोजी पाहिली. मनोज जरांगे पाटील यांचा दसरा मेळावा इथे झाला. त्यांच्या मराठा आरक्षणाच्या मागणीबद्दल महाराष्ट्रात मतभेद आहेत आणि तो या लेखाचा विषय नाही. भाषेच्या अभ्यासकाला दुसरी गोष्ट दिसते. शिरूर कासार तालुक्यातल्या मातोरीचा हा माणूस बीडकडच्या घरच्या बोलीत बोलत होता आणि वृत्तवाहिन्या ते बोलणं राज्यभर जसंच्या तसं पोहोचवत होत्या. बोलीला लपवून न ठेवता तिच्यातच मान शोधण्याला झाकली प्रतिष्ठा म्हणतात. मेळाव्याच्या नऊ दिवस आधी, 3 ऑक्टोबरला, केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला होता. हा दर्जा जुन्या वाङ्मयाच्या बळावर मिळतो. त्या वाङ्मयाचा मोठा भाग याच गोदावरी-बालाघाटाच्या पट्ट्याशी जोडलेला आहे: बीड जिल्ह्यातलं अंबाजोगाई मुकुंदराज आणि दासोपंतांचं म्हणून ओळखलं जातं. तिकडे पैठणच्या परिसरात चक्रधरस्वामी वावरले, आणि त्यांच्या आठवणी ज्यांच्यापाशी होत्या त्यांच्याकडे जाऊन म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. ऐकलेले शब्द सांभाळून ठेवायची आस्था मराठीत गद्याच्या पहिल्या ग्रंथापासून आहे.

आज ते काम कसं करतात? पहिली अडचण लबाव यांनीच सांगितली आहे. माणूस आपल्यावर कुणी लक्ष ठेवत नसताना कसा बोलतो, हे आपल्याला हवं असतं, पण ते मिळवायचं तर लक्ष ठेवावंच लागतं. याला निरीक्षकाचा विरोधाभास म्हणतात. त्यावर त्यांचा उपाय असा, की जिवावर बेतलेल्या प्रसंगाबद्दल विचारावं. माणूस त्या आठवणीत शिरला, की रेकॉर्डर विसरतो आणि घरच्या बोलीत बोलू लागतो. मराठवाड्यात यासाठी 1972चा दुष्काळ आहे. खडी फोडायला गेलेल्या बाया, सुकडी, लाल मिलो ज्वारी. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप आहे. वयस्क माणसाला याबद्दल विचारा आणि गप्प बसा. लबाव आणि जोशुआ वालेत्स्की यांनी 1967 साली दाखवलं, की अशा कथनाला घडण असते: आधी स्थळकाळ, मग गुंतागुंत, मध्येच सांगणाऱ्याचं ‘याचा अर्थ काय’ हे मूल्यमापन, शेवटी सुटका आणि वर्तमानात परतणं. निरक्षर आजीच्या गोष्टीत ही सगळी अंगं सापडतात.

महाराष्ट्रात चांगलं काम झालं आहे आणि ते वाचकानं शोधावं. ना. गो. कालेलकर यांचं ‘भाषा: इतिहास आणि भूगोल’ हे 1967 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं पुस्तक आजही सर्वांत स्वच्छ ओळख करून देतं. गणेश देवी यांच्या पुढाकारानं झालेल्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्याही आहेत. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेच्या मदतीनं, सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली, राज्यभरच्या बोलींचं सर्वेक्षण केलं. छोट्या चित्रफिती दाखवून ‘यात काय घडलं ते सांगा’ असं विचारायचं, म्हणजे प्रमाण मराठीतला प्रश्न उत्तराला वाकवत नाही. ध्वनिमुद्रणं आणि नकाशे संकेतस्थळावर सगळ्यांना खुले आहेत. ग्रिअर्सनच्या वहीत राहिलेली जागा शंभरहून अधिक वर्षांनी अशी भरली जाऊ लागली आहे.

बाकीची जागा भरणं वाचकाच्या हातात आहे, आणि त्यासाठी खिशातला फोन पुरतो. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाची परवानगी घ्या. सुरुवातीला गाव, तालुका, वय आणि तारीख बोलून ठेवा. बायकांचं माहेर आणि सासर दोन्ही विचारा, कारण त्यांच्या बोलीत दोन गावं नांदत असतात. मग बहात्तरच्या दुष्काळाचं विचारा, मध्ये बोलू नका, शब्द सुधारू नका, हुंकार तेवढा द्या. लिहून काढताना ‘म्या’ला ‘म्या’ आणि ‘पानी’ला ‘पानी’च लिहा. त्या दुष्काळात पंचवीस वर्षांची असलेली बाई आज पंच्याहत्तरी ओलांडून गेली आहे. हे काम याच वर्षी करा.